एका पायावरचं घर

बाळांनो, एक गंमत करून बघू या. उठून उभे राहा. उजवा पाय गुडघ्यात दुमडा आणि डाव्यावर तोल सांभाळा. जमलं ना? आता डोळे मिटा. बघा, इतका वेळ गुमान उभा असलेला घोटा लगेच कसा कुरकुरायला लागला! आता तोंडात दात घासायचा ब्रश आहे असं समजा. फेस हनुवटीवरून ओघळतोय, न्हाणीघराची फरशी ओली आहे, आणि शेजारी तुमच्या तिप्पट वजनाचा एक माणूस तसाच एका पायावर, तसाच डोळे मिटून उभा आहे. तो तुमच्या बाजूला कलला तर तुमचं काय होईल ते सांगायला नको. आणि तुम्ही दोघांपैकी जो आधी पाय टेकवेल, त्याने आजची भांडी घासायची.

या घरातली सगळी माणसं रोज सकाळी दात घासतात ती अशी. त्याला ते ‘बगळा’ म्हणतात.

सुरुवात केली ती पणजोबांनी. ते बंदरावर हमाल होते. धक्का आणि जहाज यांच्यामध्ये एक अरुंद फळी, खाली काळं पाणी आणि डोक्यावर पोतं. ते म्हणायचे, “फळी काही रुंद करता येत नाही. पाय शहाणा करता येतो.” म्हणून पोराच्या हातात पहिल्यांदा ब्रश दिला त्याच दिवशी त्यांनी त्याला एका पायावर उभं केलं. ते पोर म्हणजे आजोबा. आजोबा हमाल न होता सुतार झाले, पण त्यांचा शहाणा पाय वाया गेला नाही. तो रग्बीच्या मैदानावर कामाला आला.

कसा, ते सांगतो. रग्बीत दोन्ही बाजूंचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा अडकवून, माना खाली घालून एकमेकांना रेटतात. त्याला स्क्रम म्हणतात. पहिल्या रांगेत तिघे असतात आणि मधल्याचं काम सगळ्यात अवघड. त्याचे दोन्ही हात शेजारच्या दोघांच्या खांद्यांवर अडकलेले, समोरून आठ जणांचा रेटा, मागून आपल्याच गड्यांचा, आणि तशात त्याने एक पाय उचलून चेंडू मागे ओढायचा. म्हणजे ऐन लढाईत हा गडी एका पायावर! आजोबा तिथे खेळले, पाठीवर दोन आकडा असलेला शर्ट घालून. नंतर त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे मुंगीचा बाबा, तिथेच खेळू लागला, आणि खेळ हाच ज्याचा रोजगार झाला असा तो या घरातला पहिला माणूस. आता तो संघाचा कप्तान होता. त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे मुंगीचा काका, त्याच संघात, त्याच जागेसाठी राखीव म्हणून बाकावर बसत होता. दादा बाहेर आला तर काका आत, असा हिशेब. पण दादा सहसा बाहेर येत नसे.

मुंगी म्हणजे कप्तानाची मुलगी. रांगायच्या वयात ती बापाचा चिखलाने भरलेला बूट घरभर ओढत फिरायची. तेव्हा आजोबा म्हणाले होते, “ही तर मुंगी! स्वतःपेक्षा मोठं ओझं ओढते.” नाव चिकटलं ते चिकटलंच.

तर त्या शुक्रवारी सकाळी काय झालं ते ऐका. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना होता, आणि तो खेळून कप्तान बूट खुंटीला टांगणार होता. बाबा आणि मुंगी बेसिनसमोर बगळा होऊन उभे होते. डोळे मिटलेले, तोंडात फेस. मुंगीचा घोटा डगमगला. सावरायला तिने डोळे उघडले आणि समोरच्या आरशात तिला बाबा दिसला.

बाबाचे दोन्ही पाय जमिनीवर होते.

दोन्ही हातांनी त्याने बेसिनची कड धरली होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती, कपाळावर घाम होता, आणि डोळे नळाच्या तोटीवर खिळले होते. होडी हलत असताना किनाऱ्याकडे बघत राहावं, तसे.

मग आरशात त्यांची नजरानजर झाली.

“अगं, गुडघा जरा...” बाबा म्हणाला.

मुंगीला ते पटलं नाही. बाबाचा गुडघा दुखला की सगळ्या आळीला कळायचं. बर्फ आण, उशी दे, टीव्हीचा आवाज वाढव. गुडघ्यासाठी बाबा कधी चोरासारखा उभा राहत नसे.

“कधीपासून?” तिने फेसातूनच विचारलं.

बाबाने चूळ भरली, तोंड पुसलं. “बुधवारपासून. मान हलवली की खोली फिरते, मग थांबते. होईल बरं. उद्याचा दिवस फक्त, मुंगे. उद्यानंतर हा बाबा घरचाच. आपल्या दोघांत?” त्याने करंगळी पुढे केली.

तोंडात ब्रश असताना ‘नाही’ म्हणणं कठीण असतं. मुंगीने करंगळी अडकवली.

“कुणाला सांगायचं नाही.”

“उं.”

“आज भांडी मी घासतो,” तो म्हणाला. पाय आधी त्याचाच टेकला होता ना.

*

मागच्या शनिवारी काय घडलं होतं ते सगळ्यांनीच पाहिलं होतं. समोरच्या गड्याला पाडायला बाबा वाकला आणि त्या गड्याचा गुडघा बाबाच्या कानशिलावर बसला. संघाचा डॉक्टर धावत आला. कोणतं मैदान, शेवटचे गुण कुणी केले, महिन्यांची नावं उलटी म्हण, असं सगळं त्याने विचारलं. मग म्हणाला, एका पायावर उभा राहा, डोळे मीट. डोक्याला मार लागलेला माणूस इथे हटकून डगमगतो. पण ज्या घरात दातसुद्धा एका पायावर घासतात, त्या घरातला माणूस कसला डगमगतो! बाबा खांबासारखा उभा राहिला. डॉक्टर हसून म्हणाला, “तुझ्यापुढे मीच पडेन.” मंगळवारी पुन्हा तपासणी झाली, पुन्हा खांब. बुधवारी खोली फिरायला लागली, तेव्हा डॉक्टर समोर नव्हता. आणि गुरुवारी त्याने “काही त्रास?” असं विचारलं तेव्हा बाबाने “छे!” म्हणून सांगितलं.

मोठ्या सामन्याच्या आदल्या दुपारी सगळ्यांनी आजोबांकडे जेवायचं असा रिवाज होता. स्वयंपाकघराच्या दाराआड, जमिनीवर बसून मुंगी उकडलेली अंडी सोलत होती. टोपलीत टरफलांचा ढीग आणि मनात सकाळचा आरसा. ओट्यापाशी आत्या बटाटे कुस्करत होती. आत्या बंदरावर क्रेन चालवायची. पणजोबा जे डोक्यावरून नेत, ते ती दोरखंडाने आभाळातून नेई. काका पाणी प्यायला आला आणि पाणी न पिताच उभा राहिला.

“काय रे, घागर रिकामी आहे की तू?” आत्या म्हणाली.

“ताई, दादाचं काहीतरी बिनसलंय.”

कुस्करणं थांबलं.

“बुधवारी सराव होता. बाजूच्या रेषेवरून चेंडू आत फेकायचा तर दादा विचारतो, ‘खूण काय ठरली?’ सांगितली. पुन्हा विचारतो, ‘खूण काय ठरली?’ आणि फेकला तो भलत्याच गड्याकडे. प्रशिक्षक ओरडले, तर मी म्हणालो, चूक माझी, मीच चुकीची खूण केली.”

“आणि हे तू मला आज सांगतोयस?”

“कुणाला सांगू? डॉक्टरला सांगितलं तर दादा बाहेर आणि मी आत. मग सगळे काय म्हणतील? शर्टासाठी भावाला खाली ओढलं.”

“सगळे म्हणजे कोण?”

“अण्णा,” काका म्हणाला. आजोबांना त्यांची मुलं अण्णा म्हणत.

आत्याने बटाट्यावर जरा जास्तच जोर काढला. “अण्णांनी मला शर्टाला हातसुद्धा लावू दिला नव्हता, माहीत आहे ना? तुम्हा दोघांपेक्षा जास्त वेळ मी बगळा करायची. तरी मुलगी म्हणून मी मैदानाबाहेर, लिंबं कापत. त्यामुळे अण्णा काय म्हणतील याची भीती मला केव्हाच उरली नाही. तू बोल. मी तुझ्यामागे उभी राहते.”

“तू बोल ना मग.”

“मी काय पाहिलंय? मी वर क्रेनमध्ये होते. पाहिलंस तू, बोलायचंस तू.”

“नंतर बघू,” असं पुटपुटत काका गेला. पाणी तसंच राहिलं. आत्या वळली तेव्हा तिला दाराआड मुंगी दिसली.

“अगं बाई! मुंगी होऊन साखर खावी म्हणतात, पण तू तर भिंतीचे कान होऊन बसलीस. काय काय ऐकलंस?”

“अंडी सोलत होते,” मुंगी म्हणाली. खोटं नव्हतं ते. पण तिच्या करंगळीला दोरा बांधल्यासारखं झालं होतं. म्हणजे काकाला माहीत होतं. तिला माहीत होतं. आणि दोघेही मूग गिळून बसले होते, दोघेही बाबावर प्रेम करत होते म्हणून.

*

आजोबांचं टेबल आजोबांनीच बनवलेलं. एकही खिळा न वापरता, नुसती लाकडात लाकडं गुंतवून. टेबलाच्या डोक्याशी ते बसत. त्यांची मान कित्येक वर्षांपूर्वी स्क्रममध्ये दुखावली ती कायमची ताठ झाली होती. कुणाकडे बघायचं तर छाती-खांद्यांसकट सगळेच्या सगळे वळायचे. त्यामुळे आजोबांनी आपल्याकडे पाहिलं की प्रत्येकाला कोर्टात उभं केल्यासारखं वाटायचं. त्यांच्यामागे खुर्चीच्या पाठीवर जुना, विटलेला, दोन आकड्याचा शर्ट टाकलेला होता. मोठ्या सामन्याआधी तो पेटीतून बाहेर निघे.

“सूप वाढा रे पोराला. आज भरपूर खायचं, उद्या कमी,” आजोबा म्हणाले. “आणि पडदा कुणी ओढला? दिवसाढवळ्या अंधार?”

“मी ओढला,” आई म्हणाली. आई चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांचे डोळे बघून बघून तिला माणसं आधी डोळ्यांतून दिसत. “त्याला उजेड सोसत नाहीये, अण्णा.”

“रात्री झोप नसेल झाली. सामन्याआधी मलाही होत नसे.”

“सामन्याआधी नाही. दोन दिवस झाले. दिवा लावला की डोळे बारीक करतो. काल किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवल्या आणि मलाच विचारत बसला, कुठे गेल्या म्हणून.”

“लोणी काढायला गेलो होतो, हातातलं ठेवलं,” बाबा हसत म्हणाला. “कुणाच्या हातून होत नाही?”

“तुझ्या हातून होत नाही,” आई म्हणाली. ती हसली नाही. “अण्णा, सगळ्यांसमोर बोलते. उद्या त्याने खेळू नये असं मला वाटतं.”

चमचे थांबले. आजोबा हळूहळू सगळेच्या सगळे तिच्याकडे वळले.

“सूनबाई, तू चष्मे विकतेस. डोकी नाही विकत.”

“डोळे डोक्यातच असतात, अण्णा.”

आत्याला हसू आवरलं नाही. आजोबांनी पुन्हा सगळ्या अंगाने वळायचे कष्ट घेतले. “हसतेस काय? डॉक्टरने दोनदा तपासलाय त्याला. दोनदा!”

“मंगळवारनंतर नाही तपासलेलं,” आत्या म्हणाली, आणि तिने काकाकडे पाहिलं. टेबलाखालून त्याच्या नडगीवर बहुधा लाथही बसली असावी, कारण तो दचकला.

“तुला काय म्हणायचंय?” आजोबांनी काकाला विचारलं. “तू रोज बरोबर असतोस त्याच्या.”

मुंगी टेबलाच्या कोपऱ्यावरच्या स्टुलावर बसली होती. तिने काकाकडे असं पाहिलं, की काकाने जर त्या वेळी वर बघितलं असतं तर तो नक्की बोलला असता. पण त्याने बघितलं ताटाकडे.

“दादा खेळला तर संघाला बरंच आहे,” तो म्हणाला.

हे उत्तर होतं की उत्तराची पळवाट, ते ज्याचं त्याने ठरवावं. आजोबांनी आपल्या सोयीने ठरवलं.

“ऐकलंत? राखीव गडी स्वतः सांगतोय!” त्यांनी सुपाची वाटी बाजूला सारली. “तुम्हा बायकांना वाटतं म्हातारा हट्टी आहे. ऐका. मलाही अंतिम सामना मिळाला होता. आदल्या दिवशी मानेत कळ आली. मी शहाणा, प्रशिक्षकाला जाऊन खरं सांगितलं. तो म्हणाला, ‘बरं केलंस, उद्या बस.’ माझ्या जागी दुसरा खेळला, जिंकला, आणि पुढे तोच खेळत राहिला. मी खरं बोललो आणि बाकावर बसलो. बसलो तो बसलोच.” त्यांनी न वळता हात मागे नेऊन शर्ट चाचपला. “जिंकलेला शर्ट नाहीये हा. माझ्या पोराला मी एकच गोष्ट शिकवली. दुखतं ते आपलं आपल्यापाशी.”

म्हाताऱ्याचा आवाज शेवटी जरा चिरकला होता, आणि त्या घरात त्याचा आवाज चिरकलेला फारसा कुणी ऐकला नव्हता. आईनेसुद्धा नजर खाली घातली. तिच्यापाशी किल्ल्या होत्या, पडदा होता. पुरावा नव्हता.

“अण्णा, असू द्या,” बाबा म्हणाला. “मी बरा आहे. खरंच.”

“असू द्या कसं? हातच्या काकणाला आरसा कशाला? आपल्या घरात डॉक्टर लागतो कधी?” आजोबांचा चेहरा उजळला. “ऊठ. बगळा करून दाखव यांना. आपल्यातला माणूस एका पायावर उभा आहे तोवर त्याला काही झालेलं नाही. माझे वडील हेच म्हणायचे.”

बाबा उठला. घाई न करता, रुमालाने तोंड पुसत, दोन खुर्च्यांच्या मधून तो मागच्या कपाटापाशी गेला. “इथे जागा आहे,” म्हणाला. मग उजवा पाय उचलला आणि डोळे मिटले.

उभा राहिला. अगदी खांब.

“बघा!” आजोबांनी टेबलावर थाप मारली. त्यांच्या ताठ मानेला बाबाची छाती दिसत होती, त्यामागचं दिसत नव्हतं. आई समोर होती, आत्या समोर होती. फक्त कोपऱ्यावरच्या स्टुलावरून बाबाचा डावा खांदा दिसत होता, आणि खांदा आणि कपाट यांच्यामधून उजेडाची फटसुद्धा येत नव्हती. कपाट किंचित करकरलं. आतल्या बशा एकमेकींना लागून किणकिणल्या.

कोपऱ्याशेजारी काका बसला होता. त्यालाही ते दिसलं. मुंगीने त्याला बघताना बघितलं. काकाचं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

तेव्हा मुंगीला कळलं, की आता कुणीच बोलणार नाही.

उद्या बाबाचे दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर असतील. तिथे कपाट नसेल, बेसिन नसेल. समोरून आठ जण येतील आणि बाबा एक पाय उचलेल. आजोबांच्या तोंडून तिने किती वेळा ऐकलं होतं, मधला गडी पडला की एकटा पडत नाही, दोघांना घेऊन पडतो.

पण करंगळीचं काय? सांगणार नाही, असं तिने कबूल केलं होतं. मुंगीने विचार केला. लहान मुलं विचार करतात तेव्हा ती मोठ्यांसारखी घुटमळत नाहीत, सरळ जातात. सांगायचं नाही, हे कबूल केलं होतं. उभं राहायचं नाही, असं कुठे कबूल केलं होतं?

ती स्टुलावरून उतरली. टेबलाला वळसा घालून खोलीच्या मधोमध गेली, जिथे हात लांब केला तरी कशालाच लागत नाही अशा जागी. तिने उजवा पाय दुमडला.

“बाबा, इथे ये,” ती म्हणाली. “पैज. हरेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची.”

बाबाने डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं. तिची करंगळी मुठीत गच्च मिटलेली होती, आणि ती त्याने पाहिली.

“मुंगे,” तो हळूच म्हणाला.

“जा रे, जा!” आजोबांना हुरूप आला होता. “पोरगी आव्हान देतेय! कप्तान घाबरला की काय?”

बाबाने कपाट सोडलं. चालताना ठीक होता. मुंगीशेजारी येऊन उभा राहिला, न्हाणीघरात उभा राहतो तसा. मोठा श्वास घेतला. पाय उचलला. डोळे मिटले.

क्षणभर, फक्त क्षणभर, तो खांब होता. मग त्याचे दोन्ही हात एकदम वर आले आणि हवेत काहीतरी शोधू लागले, अंधारात भिंत शोधावी तसे. एक हात मुंगीच्या खांद्यावर पडला. दुसरा पडला काकाच्या खांद्यावर, कारण काकाची खुर्ची तोवर मागे आदळली होती आणि काका टेबल ओलांडून आल्यासारखा तिथे पोहोचला होता. त्याने दादाच्या कमरेला हाताचा विळखा घातला. स्क्रममध्ये घालतात तसाच घट्ट.

तिघे तसेच उभे राहिले. मधे बाबा, दोन्ही हात दोन खांद्यांवर. पाय अजून वरच होता. खोड म्हणतात ती हीच!

आजोबा उठले. जेवणाच्या मधे टेबलावरून उठणं त्यांना मान्य नव्हतं, ते उठले. सगळेच्या सगळे वळले. आधी कपाटाकडे बघितलं, मग पोराकडे.

“कधीपासून?”

“बुधवार,” बाबा म्हणाला. डोळे अजून मिटलेलेच.

“मला सांगितलं का नाहीस?”

बाबा थोडं हसला. “तुम्हीच शिकवलंत ना, अण्णा. दुखतं ते आपलं आपल्यापाशी.”

आजोबांचा हात खुर्चीवरच्या शर्टाकडे गेला आणि मधेच थांबला. मग त्यांनी काकाकडे पाहिलं. “आणि तू? तुला ठाऊक होतं?”

“होतं,” काका म्हणाला. त्याचा आवाज फाटला. “मला तो शर्ट हवाय, अण्णा. लहानपणापासून हवाय. म्हणूनच तर बोलता येईना. बोललो असतो तर मलाच कळलं नसतं, मी दादासाठी बोलतोय की माझ्यासाठी.”

“गाढवा,” बाबा म्हणाला, आणि त्या शब्दात माया होती. “उद्या तू खेळ. बाजूचे दोघे आपल्यावर लटकलेले असतात, तेवढं विसरू नकोस.”

आई कधीच उठून त्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली होती. ‘मी सांगत होते’ असं तिने म्हटलं नाही. नुसता तळहात त्याच्या पाठीवर ठेवला. आत्या फोनकडे वळली. “डॉक्टरला आत्ता बोलावते. आणि या वेळी त्याला सांगते, या घरातल्यांना एका पायावर उभं करू नको, दुसरं काहीतरी शोध.”

आजोबांनी आपली खुर्ची, टेबलाच्या डोक्याशी असलेली, जिच्यावर या घरात दुसरं कुणी बसत नसे ती, दोन्ही हातांनी उचलली. शर्ट घसरून जमिनीवर पडला. त्यांनी तो उचलला नाही. खुर्ची आणून पोराच्या मागे ठेवली.

“बस, बाळा,” ते म्हणाले. “बस आता. हा बाक नाहीये.”

पण बाबा बसेना. त्याचा पाय तसाच अधांतरी, पोटरी थरथरत होती, ओठ आवळलेले. सगळ्या जन्मात तो पाय आधी कधी टेकवला नव्हता त्याने. निदान खरं खेळताना तरी. कसा टेकवायचा, हे जणू तो विसरूनच गेला होता.

मुंगीसुद्धा अजून एका पायावर होती. पैज संपली असं तिला कुणी म्हटलंच नव्हतं. बाबाचा हात तिच्या खांद्यावर होता आणि तो हळूहळू जड होत चालला होता. तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

आणि मग मुंगीने आपला पाय खाली टेकवला. मुद्दाम, आवाज होईल असा. दोन्ही पाय फरशीवर रोवून ती ताठ उभी राहिली.

“मी हरले,” ती म्हणाली. “भांडी माझी. आता तूही टेकव, बाबा.”